आई-वडील गेलेलं मूल सांभाळायला घेताना: पहिल्या दिवसापासून काय, कधी आणि कुठल्या क्रमाने

तेराव्याची जेवणं उरकतात, ओसरीवर चार मोठी माणसं बसतात आणि अर्ध्या तासात ठरतं: थोरली मावशीकडे, धाकटा काकाकडे, जमीन सध्या काका बघतील. मुलं तेव्हा आतल्या खोलीत असतात. कोणाच्याही मनात वाईट नसतं. तरी दोन-चार वर्षांनी कळतं की सातबाऱ्यावर पोरांचं नावच नाही, योजनेचा अर्ज कोणी केलाच नाही आणि बहीणभाऊ एकमेकांशी परक्यासारखे बोलतात.

माझ्या धाकट्या दिराची दोन मुलं आमच्या घरी आली, तेव्हा खाली लिहिलेल्या चुकांपैकी बऱ्याच आम्हीही केल्या. नंतर ओळखीतल्या घरांत हेच पुन्हा पुन्हा पाहिलं. म्हणून क्रमाने लिहिते आहे.

हा लेख आई आणि वडील दोघंही गेलेल्या मुलांसाठी आहे. दोघांपैकी एक हयात असेल तर बहुधा कायद्याने तेच पालक असतात. तिथे टप्पा १, ४, ५, ७ आणि ९ उपयोगी पडतील, बाकीचं सगळं लागू होईलच असं नाही.

टप्पा १: मुलाला खरं सांगा (पहिला दिवस)

सांगणारं माणूस मुलाच्या रोजच्या ओळखीचं हवं. शेजारी बसा, हात धरा आणि साध्या शब्दांत सांगा: "बाबांचा अपघात झाला. त्यांचं शरीर बंद पडलं. ते वारले. ते आता परत येणार नाहीत."

"गावाला गेलेत", "झोपलेत", "देवाला आवडले" हे टाळा. झोपलेत म्हटलं की मूल झोपायला घाबरतं. गावाला गेलेत म्हटलं की ते दारात वाट बघतं आणि शेवटी खरं सांगतं शाळेतलं एखादं पोर. पाच-सहा वर्षांच्या मुलाला मरण कायमचं असतं हे एकदा सांगून कळत नाही. ते रोज तेच विचारेल, तेव्हा रोज तेच उत्तर द्या, न चिडता.

त्यानंतर एक वाक्य मुलाने न विचारताही म्हणायचं: "तू काही केलंस किंवा बोललास म्हणून हे झालेलं नाही." आदल्या दिवशी आईवर रागावलेलं मूल वर्षानुवर्षं मनात हिशेब करत बसतं, आणि हे ते कोणापाशी बोलत नाही.

अंत्यविधीला यायचं की नाही हे मुलाला विचारा. तिथे काय दिसेल ते आधी सांगा. नको म्हणालं तर बळजबरी नको, हो म्हणालं तर अडवू नका. अग्नी देणं, केस काढणं यासाठी लहान मुलावर दबाव आणू नका. हे करायला घरात दुसरं कोणीतरी असतंच.

इशारा: दहाव्याला कावळा शिवला नाही की मुलाला पुढे करून म्हणायला लावतात, "मी बहिणीला सांभाळीन." नऊ वर्षांच्या पोराच्या तोंडून हा शब्द घेऊ नका. ते तो खरा मानतं आणि खेळणं सोडतं. कोणाला शब्द द्यायचाच असेल तर मोठ्याने पुढे होऊन द्यावा, "मी दोघांना सांभाळीन." "आता तूच घरातला मोठा", "आजीसमोर रडू नकोस" ही वाक्यंही याच जातीची आहेत.

टप्पा २: तेराव्यापर्यंत कायमचं काही ठरवू नका

या दिवसांत फक्त तात्पुरती सोय बघा. शक्य असेल तर मुलं त्याच घरात, त्याच अंथरुणावर राहू देत, आणि सोबतीला एक मोठं माणूस तिथे राहायला जाऊ दे. शाळेत वर्गशिक्षकांना कळवा.

तीन गोष्टी अजिबात करू नका: कोऱ्या किंवा स्टॅम्प पेपरवर कोणाचीही सही घेणं, आईचे दागिने "सांभाळायला" म्हणून वाटून नेणं, आणि घर रिकामं करणं. दागिन्यांची यादी करा, फोटो काढा, दोन्ही बाजूंच्या (आजोळच्या आणि वडिलांकडच्या) एकेका माणसाची त्यावर सही घ्या. ही यादी अविश्वासाची वाटते, मला माहीत आहे. पण पुढे संशय उभा राहिला की ती ज्यांनी प्रामाणिकपणे सांभाळलं त्यांनाच वाचवते.

आईचे कपडे लगेच वाटू नका. मुलाला एक साडी किंवा ओढणी ठेवू द्या. न धुतलेली मागितली तर न धुतलेलीच द्या.

टप्पा ३: कोणाकडे राहायचं? आधी बायांना विचारा, मग मुलांना

"पोरं आम्ही नेतो," हे ओसरीवर बहुधा पुरुष म्हणतो. रोजचा डबा, आजारपण, रात्री ओलं झालेलं अंथरूण मात्र त्याच्या बायकोच्या वाट्याला येतं. तिला एकटीला, शांतपणे आधी विचारा. तिने मनापासून हो म्हटलेलं नसेल तर ते घर या मुलासाठी योग्य नाही, मग ते कितीही मोठं असू दे.

आजी-आजोबांकडे ठेवायचं असेल तर त्यांच्यानंतर कोण, हेही आताच ठरवा. मुलाला एकदा घर सोडावं लागलंय, दुसऱ्यांदा अचानक सोडावं लागू नये.

भावंडं वेगळी करू नका. दोन्ही मुलं घेणं एका घराला झेपत नसेल तर बाकीच्या नातेवाइकांनी पैसे त्या घरी पाठवावेत, मूल आपल्या घरी नेऊ नये. आमच्याकडे हीच चूक झाली होती. मुलगा आमच्याकडे आणि मुलगी तिच्या मामाकडे असे सात महिने गेले. शेवटी तिला आणलं तेव्हा ती भावाला "अहो" म्हणत होती.

मुलाला विचारताना:

१. भरल्या बैठकीत "तू कोणाकडे राहणार?" असं विचारू नका. ते समोरच्यांचे चेहरे बघून उत्तर देतं.

२. एकाच माणसाने, चालताना किंवा काहीतरी करताना विचारावं. "रात्री भीती वाटली तर कोणाला हाक मारशील?" "आजारी पडलास तर जवळ कोण हवं?" अशा प्रश्नांतून खरं उत्तर मिळतं.

३. चार-पाच दिवसांनी पुन्हा विचारा. उत्तर बदललं तर ते खोटं ठरत नाही.

४. ठरवणार मोठे आहेत हे स्पष्ट सांगा, आणि ठरल्यावर का ठरलं तेही सांगा.

मुलाला विचारणं हे मोठ्यांच्या चांगुलपणावर सोडलेलं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं १२ वं कलम हेच सांगतं, आणि भारताने तो करार १९९२ साली स्वीकारला. पालक नेमताना समजत्या वयाच्या मुलाचा कल कोर्टही विचारात घेऊ शकतं.

तपासा: "माझं माणूस कोण?" या प्रश्नाला मुलाकडे एकच नाव आहे का? "आम्ही सगळे आहोत ना" हे उत्तर मुलाला अधांतरी ठेवतं. आघातातून सावरलेल्या मुलांच्या आयुष्यात जवळपास नेहमीच एक टिकून राहिलेलं मोठं माणूस सापडतं. बाकीचे सगळे त्या माणसाच्या मदतीला.

टप्पा ४: मुलाची फाईल (पहिला महिना)

एक प्लास्टिकची फाईल घ्या, वर मुलाचं नाव घाला. दोन भावंडं असतील तर दोन फाइली. आत हे हवं:

- आई आणि वडील दोघांचे मृत्यू दाखले, प्रत्येकी निदान पाच प्रती. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही. आई आधी, काही वर्षांपूर्वी गेलेली असेल तर तिची नोंद झाली होती का ते आजच बघा. सगळ्यात जास्त अर्ज इथेच अडकतात.
- मुलाचा जन्म दाखला, आधार, शाळेचं बोनाफाइड
- रेशनकार्ड, आणि त्यावर मुलाचं नाव तुमच्या कुटुंबात चढवल्याचा कागद
- सांभाळणाऱ्याचं आधार आणि तहसीलदारांचा उत्पन्न दाखला
- आई-वडिलांची बँक पासबुकं, विमा, पीएफचा यूएएन क्रमांक, सातबारा आणि ८-अ
- मुलाच्या नावाने बँक खातं

इशारा: आधार, जन्म दाखला आणि शाळेचं रजिस्टर या तिन्हींत नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख जुळवून पाहा. जुळत नसेल तर दुरुस्ती आधी, अर्ज मग. आणि शाळेत मुलाच्या नावापुढे वडिलांच्या जागी तुमचं नाव कधीही लावू नका. प्रेमाने केलेली ही गोष्ट पुढे वारसा आणि दाखले दोन्ही बिघडवते.

टप्पा ५: बालकल्याण समिती आणि योजना (दुसरा महिना)

"समितीकडे गेलो तर पोरं आश्रमात नेतील" ही भीती घराघरात आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने संस्था हा शेवटचा पर्याय ठरवला आहे. जवळचं कुटुंब नीट सांभाळत असेल तर मूल तिथेच राहावं हेच समितीचं काम. प्रत्येक जिल्ह्यात अध्यक्ष आणि चार सदस्यांची अशी समिती असते.

क्रम असा ठेवा:

१. जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षात जा. पत्ता मिळत नसेल तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा.

२. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेचा अर्ज भरा. वय १८ पूर्ण होईपर्यंत मुलाच्या संगोपनासाठी महिन्याला मदत मिळते. २०२३ मध्ये ती २,२५० रुपये झाली. अर्जाला मुलासोबत घरासमोर काढलेला फोटोही लागतो.

३. गृहचौकशीला कर्मचारी येतील. घर सजवू नका, मुलाला पढवू नका. मूल कुठे झोपतं, कुठे अभ्यास करतं एवढं दाखवा.

४. समितीसमोर मुलाला घेऊन जा. आदेशाची प्रत फाइलीत. मुदत कधी संपते ती तारीख कॅलेंडरवर लिहा. नूतनीकरण राहून गेल्याने पैसे बंद झालेली घरं मी पाहिली आहेत.

उत्पन्न फारच कमी असेल (ग्रामीण भागात वर्षाला ७२,००० आणि शहरात ९६,००० पर्यंत) तर केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेतल्या प्रायोजकत्वातून महिन्याला ४,००० रुपये मिळू शकतात. मूल कुठल्या योजनेत बसतं ते कक्षातच विचारा. तहसील कचेरीतली संजय गांधी निराधार योजनाही अनाथ मुलांना लागू आहे.

वडील किंवा आई खाजगी नोकरीत असतील आणि पीएफ कापला जात असेल तर "अनाथ निवृत्तिवेतन" हे शब्द लक्षात ठेवा. ईपीएस-९५ मध्ये, म्हणजे पीएफसोबतच्या निवृत्तिवेतन योजनेत, एकावेळी दोन मुलांना, २५ वर्षांच्या वयापर्यंत ते मिळतं. कंपनीतून पीएफची रक्कम उचलून लोक मोकळे होतात आणि हा अर्ज राहूनच जातो. शेतकरी आई-वडील अपघाताने गेले असतील तर कृषी खात्याकडे गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदानाचा अर्ज करा. हा अर्ज या यादीत सगळ्यांत आधी, दुसऱ्या महिन्याची वाट न बघता, कारण त्याची मुदत लवकर संपते.

शेवटी अनाथ प्रमाणपत्र. शिक्षण आणि सरकारी नोकरीत अनाथांना १ टक्का समांतर आरक्षण आहे. नातेवाइकांकडे वाढलेल्या मुलांसाठी "संस्थाबाह्य" असा वेगळा प्रवर्ग आहे. अठरा पूर्ण व्हायच्या आत अर्ज करा.

टप्पा ६: कायदेशीर पालकत्व

सांभाळता म्हणून तुम्ही आपोआप कायदेशीर पालक होत नाही. योजनांसाठी समितीचा आदेश पुरतो. विम्याची मोठी रक्कम, जमीन किंवा पासपोर्टचा प्रश्न असेल तर १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली, मूल जिथे राहतं तिथल्या जिल्हा न्यायालयात अर्ज करावा लागतो. हा कायदा सगळ्या धर्मांच्या मुलांना लागू आहे. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, मुलांना तिथे मोफत वकील मिळतो.

इशारा: नोटरीसमोर केलेलं "दत्तकपत्र" चालत नाही. आई-वडील दोघंही नसलेल्या हिंदू मुलाला १९५६ च्या कायद्याप्रमाणे पालकाने दत्तक द्यायचं तर आधी कोर्टाची परवानगी लागते. आणि माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षात दत्तकाचा विषयच काढू नये. नुकतंच आईबापांना मुकलेलं मूल त्यांचं आडनावही गमावेल.

टप्पा ७: जमीन, घर, पैसा

इथे सगळ्यांत जास्त सावध राहायचं.

वारस नोंद तलाठ्याकडे (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी) तीन महिन्यांच्या आत करायची. ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइनही अर्ज होतो. हिंदू कुटुंबात बाप वारल्यावर त्याच्या हिश्श्याचे वारस म्हणजे मुलगे, मुली, बायको आणि त्याची आई. म्हणजे आजी वारस आहे, काका नाही. मुलीचा वाटा मुलाइतकाच. आजोबाही वारलेले असतील आणि जमीन अजून त्यांच्याच नावावर असेल तर नातवंडं वडिलांच्या जागी वारस म्हणून लागतात.

फेरफार मंजूर झाल्यावर सातबारा काढून प्रत्यक्ष वाचा. मुलाचं स्वतःचं नाव हवं. ते अज्ञान (म्हणजे अठराच्या आतलं) असल्याने पुढे "अ.पा.क." (अज्ञान पालनकर्ता) लिहून पालनकर्त्याचं नाव येतं. ते बरोबर आहे. मुलाचं नावच न घालता थोरल्याचं एकट्याचं नाव "ए.कु.मॅ." म्हणून, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून, लावायला सुचवलं तर नाही म्हणा. "नंतर वाटून घेऊ" म्हणत अशी किती नावं सातबाऱ्यावरून कायमची गळाली, ते गावोगावच्या जुन्या फेरफारांत दिसतं.

नुसता सांभाळ करणाऱ्याला मुलाची मालमत्ता विकता किंवा गहाण टाकता येत नाही. कोर्टाने नेमलेल्या पालकालाही त्यासाठी कोर्टाची आधी परवानगी लागते. अज्ञान मुलाच्या वतीने हक्कसोड करून घेणं हाही त्याची मालमत्ता सोडून देण्याचाच प्रकार आहे. "कर्ज फेडायला विकली" हे कारण खरं असलं तरी परवानगी काढूनच विका.

पैसा आला तर मुलाच्या नावाने मुदत ठेवीत ठेवा. व्याज वापरायचं असेल तर वही ठेवा: तारीख, रक्कम, कशासाठी. आमची वही मुलाच्या शाळेच्या दप्तराशेजारीच असायची आणि बारा वर्षांचा झाल्यावर तो ती वाचू लागला.

तपासा: सातबारा, मिळकत पत्रिका किंवा घरपट्टीची पावती, आणि ठेवीची पावती, या तिन्हींवर प्रत्येक भावंडाचं नाव आहे का?

टप्पा ८: शाळा

गाव बदललं तर प्रवेश लगेच घ्या. शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला म्हणून सहा ते चौदा वयाच्या मुलाचा प्रवेश अडवता येत नाही, हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात आहे. शक्य असेल तर वर्ष संपेपर्यंत जुनी शाळाच चालू ठेवा. आणि शिक्षकांना सांगून ठेवा की "माझे बाबा" निबंधाच्या दिवशी या मुलाला दुसरा विषय निवडू द्यावा.

टप्पा ९: घरातलं पहिलं वर्ष

जेवणाची, झोपेची, शाळेची वेळ ठरलेली ठेवा. दुःखातल्या मुलाला रोज तेच घडणं फार आधार देतं.

अंथरूण ओलं होणं, अंगठा चोखणं, चिकटून राहणं, अभ्यासात मागे पडणं, विनाकारण भांडणं, हे काही महिने चालतं. शिक्षा करू नका. उलट अजिबात रडत नाही, सगळं ऐकतं, ताट स्वतः घासतं असं "गुणी" मूल दिसलं तर त्याच्याजवळ जास्त बसा. त्याला वाटत असतं की त्रास दिला तर हे लोकही सोडतील.

आई-वडिलांचा फोटो मुलाच्या नजरेसमोर असू द्या आणि त्यांच्याबद्दल बोला: आईला काय आवडायचं, बाबा लहानपणी कुठल्या झाडावरून पडले होते. वाढदिवस, पहिली दिवाळी, वर्षश्राद्ध हे दिवस जड जातात. आठवडाभर आधीच मुलाशी त्याबद्दल बोला.

तुमच्या स्वतःच्या मुलांना विसरू नका. त्यांची खोली, त्यांची आई आता वाटली गेली आहे. त्यांना रोज थोडा वेळ वेगळा द्या. त्यांचा राग दाबलात तर तो आलेल्या मुलावरच निघेल.

मूल "मला आईकडे जायचंय", "मी मेलो तर बरं" असं बोलत असेल, आठवडेच्या आठवडे जेवत-झोपत नसेल किंवा स्वतःला इजा करत असेल तर थांबू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचार विभागात दाखवा.

इशारा, मुलींसाठी: घरात मृत्यू झाला की "वर्षाच्या आत लग्न करा, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागेल" हे कोणीतरी म्हणतंच. पंधरा-सोळा वर्षांच्या अनाथ मुलीसाठी हे वाक्य फार धोक्याचं आहे, कारण तिची बाजू घेणारी आईच नसते. अठराच्या आत लग्न हा गुन्हा आहे, त्यात लग्न लावणारे आणि ठरवणारे मोठेही येतात. विषय निघालाच तर पहिल्याच दिवशी बंद करा. नातेवाईक ऐकत नसतील तर १०९८ ला कळवा. ग्रामीण भागात ग्रामसेवक (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) हाच बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतो.

तपासा, दर तीन महिन्यांनी: आलेलं मूल आणि घरातलं मूल, दोघांना तेवढंच दूध, तेवढंच काम, तेवढेच नवे कपडे मिळतात का? मुलाला तुमच्याशिवाय आणखी एका मोठ्या माणसाशी एकट्याने बोलता येतं का? आत्या, मामा, शिक्षिका, कोणीही चालेल. घरातच कोणी त्याला मारत किंवा नको तसा हात लावत असेल तर ते सांगायला ही एक वाट मोकळी हवीच.

टप्पा १०: अठरा वर्षं पूर्ण होताना

सतराव्या वर्षीच फाईल मुलासोबत उघडा. बालसंगोपनाची मदत कधी थांबेल, शिष्यवृत्तीसाठी काय लागेल, ठेव कधी मोकळी होईल, हे एकेक करून दाखवा. अठरा झाल्यावर बँकेचं खातं अज्ञानाचं सज्ञान करून घ्या आणि सातबाऱ्यावरचं "अ.पा.क." कमी करायला तलाठ्याकडे अर्ज द्या. मधल्या काळात पालकाने परवानगीशिवाय काही विकलं असेल तर सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांतच कोर्टात जावं लागतं, हेही त्याला सांगा, मग ते विकणारं माणूस तुम्ही स्वतः असलात तरी.

फाईल, हिशेबाची वही, दागिन्यांची यादी आणि आईची साडी, सगळं त्याच्या हाती द्या. आमच्या मुलीने त्यातली यादी आधी वाचली, मग साडीची घडी उघडली.